हसाजीचा तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फिरकीचा तांब्या पाहिलाही नसेल, म्हणून आधी माझं रूप सांगतो. पितळेचं गोल पोट, आखूड मान, मानेला आटे आणि त्या आट्यांवर फिरवून गच्च बसवायचं झाकण. झाकणाला उचलायला एक कडी. झाकण लावलं की मला आडवं करा, उलटं करा, बैलगाडीत आपटा, थेंब सांडणार नाही. सध्या माझा मुक्काम कुवेतमध्ये, फिंतासला, समुद्राकडे तोंड असलेल्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आहे. वय नव्वदीचं. तब्येत ठणठणीत. पोटाला दोन पोचे आहेत, पण त्यांची मला लाज वाटत नाही.

माझी गोष्ट म्हणजे खरं तर माझ्या पहिल्या मालकाची गोष्ट. तो लढाईच्या काळात, लष्कराच्या नोकरीत, एकविसाव्या वर्षी गेला. तरीही तुम्ही तोंड पाडून ऐकू नका. ते त्याला मुळीच आवडलं नसतं.

त्याचं नाव हेस्केल. जन्म बसऱ्याचा, जात यहुदी. वडील खजुराच्या व्यापारात होते. ते अचानक वारले, तेव्हा त्याची आई मसूदाबाई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आगबोटीनं मुंबईला आली. तिथल्या ओळखीच्यांनी तिला कोकणात रेवदंड्याला एका घरी स्वयंपाकाचं काम मिळवून दिलं. ते घर अबाजी तेलवाल्यांचं. अबाजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. मसूदाबाईंची भाषा अरबी, अबाजींची मराठी, पण शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायची वेळ दोघांचीही एकच. तेवढ्यावर त्यांचं जमलं.

अबाजींनी मुलाला नाव विचारलं. तो म्हणाला, "हेस्केल."

"हेस्केल म्हणजे आमच्यातला हसाजीच की," अबाजी म्हणाले, आणि त्या दिवसापासून तो हसाजी झाला. नाव त्याला फार शोभलं, कारण तो सारखा हसायचा. नवीन देश, नवीन शाळा, मुलं चिडवायची, तरी त्याला त्यातही काहीतरी गंमत सापडायची. मराठीतला ळ मात्र त्याच्या जिभेवर बसेना. तो केळ्याला केलं म्हणायचा आणि नारळाला नारल. शेजारच्या मोहल्ल्यातला यूसुफ त्याच्याच वयाचा होता. यूसुफच्या वाडीत माडाची झाडं होती. त्यानं हसाजीला माडाखाली उभं केलं आणि बजावलं, "ळ आला की शहाळं मिळेल. तोवर मी एकटा पिणार." यूसुफनं त्याच्यासमोर चार शहाळी संपवली. पाचव्याला ळ आला. तिथून पुढे दोघांची जोडी कधी सुटली नाही.

त्यांच्यात मुलगा तेरा वर्षांचा झाला की जाणता झाला असं मानतात. त्या दिवसासाठी मसूदाबाईंनी मला घडवून घेतलं. रेवदंड्याच्या बाजारात एका तांबटाच्या दुकानात माझा जन्म झाला. तांबटानं पत्रा ठोकून पोट गोल केलं, जोड बसवला, मानेला आटे पाडले, आतून कल्हई लावली. शेवटी छिन्नीनं ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं. मसूदाबाईंनी त्याला हेस्केल असं सांगितलं होतं. तांबटानं गावात ऐकलेलं नाव घातलं, हसाजी. बाईंना देवनागरी वाचता येत नव्हती. घरी मुलानं वाचून दाखवलं तेव्हा त्या रागावून उठल्या.

"दुसऱ्याचं नाव घातलं माझ्या भांड्यावर!"

"दुसऱ्याचं नाही, उम्मी. मीच आहे तो."

"याचा अर्थ काय होतो?"

"लोकांना हसा म्हणून सांगायचं असतं, तसं काहीतरी."

बाईंनी पदरानं मला पुसलं. माझ्यावरचा राग तिथंच संपला.

पुढची सात वर्षं मी फार मजेत काढली. सकाळी हसाजी मला विहिरीवर भरायचा आणि घाण्यावर न्यायचा. घाण्याचा बैल शहाणा होता. शुक्रवारी ऊन कलायला लागलं की तो आपणहून थांबायचा आणि कितीही चुचकारलं तरी पुढं पाऊल टाकायचा नाही. हसाजी म्हणायचा, अबाजींपेक्षा हाच जास्त धार्मिक आहे. सुट्टीच्या दिवशी यूसुफ आणि तो मला घेऊन खाडीवर जायचे. तिथं माझ्या पोटाला पहिला पोचा आला. यूसुफनं मला होडीतून फेकलं आणि हसाजीनं झेललं नाही.

मग मोठं युद्ध सुरू झालं. इराकमध्ये हिंदुस्थानी फौजा उतरल्या आणि लष्कराला अरबी येणारी माणसं हवी झाली. हसाजी तेव्हा वीस वर्षांचा होता. यूसुफ ट्रक चालवायला शिकला होता. दोघं मुंबईला जाऊन भरती झाले. यूसुफ ड्रायव्हर, हसाजी दुभाष्या. घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा मसूदाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मी तुला एका बोचक्यासकट तिथून बाहेर आणलं," त्या म्हणाल्या. "आता तू सरकारच्या तिकिटावर परत चाललास."

"येताना खजूर आणीन."

"खजूर मुंबईत मिळतो."

"तसा नाही मिळत. तूच म्हणतेस."

निघायच्या दिवशी मसूदाबाईंनी मला चिंच आणि राखेनं घासून लख्ख केलं, पाणी भरलं आणि मुलाच्या हातात दिलं. यूसुफला म्हणाल्या, "याला उन्हाचं भान राहत नाही. तू लक्ष ठेव." यूसुफनं मान डोलावली.

बसऱ्याला पोहोचल्यावर पहिल्याच सुट्टीत हसाजी आपलं जुनं घर शोधायला गेला. मी त्याच्या खांद्यावर होतो. घर सापडलं. तिथं आता एक म्हातारी आणि तिच्या सुना राहत होत्या. खाकी कपड्यातला शिपाई दारात पाहून त्या घाबरल्या. हसाजीनं अस्सल बसऱ्याच्या अरबीत सांगितलं, "मी या घरात जन्मलो. आत येत नाही. फक्त अंगणातलं झाड आहे का ते बघायचं होतं." झाड होतं. म्हातारीनं त्याला बसवून घेतलं आणि निघताना रुमालभर खजूर बांधून दिला. तो खजूर त्यानं आईसाठी एका डब्यात ठेवला. यूसुफनं त्यातले सहा चोरून खाल्ले, हे मी पाहिलं होतं. आज सांगून टाकतो.

पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये त्यांचा ट्रक कुवेतमधल्या जहरा गावाच्या पलीकडच्या वाळवंटात एका लष्करी ठाण्यावर सामान पोहोचवायला निघाला. ट्रकमध्ये आठ माणसं. यूसुफ गाडी चालवत होता, शेजारी हसाजी, मागं साताऱ्याकडचा दिनकर, बिहारचा अफताब आणि आणखी चौघं. मित्रांनो, तेव्हाचं कुवेत आजच्यासारखं नव्हतं. रस्ते नव्हते, नळ नव्हते. कुवेत शहराला पिण्याचं पाणीसुद्धा बसऱ्याच्या नदीतून होड्यांनी यायचं. दुपारी धुळीचं वादळ उठलं. समोरचं काही दिसेना. गाडी वाट सोडून भरकटली, एका खळग्यात आदळली आणि खालचा दांडा मोडला. मागं बांधलेलं पाण्याचं पिंप त्या धक्क्यानं फुटलं. सगळं पाणी वाळूनं पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणीही आलं नाही. माणसांकडे उरलं होतं माझ्या पोटातलं पाणी आणि हसाजीची लष्करी बाटली, तीही अर्धी. हसाजीनं ठरवलं की आपण चालत जहराला जायचं. तिथं वस्ती आहे, विहिरी आहेत, आणि तिथल्या लोकांशी बोलता येणारा आपल्यात एकच आहे.

यूसुफ म्हणाला, "मग तांब्या तू घे."

"सात तोंडांना मोठं भांडं आणि एका तोंडाला लहान," हसाजी म्हणाला. "यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"तुझ्या आईला मी काय सांगू?"

"सांग, याला उन्हाचं भान राहत नाही." आणि तो हसला. त्यानं मला यूसुफच्या मांडीवर ठेवलं, झाकण एकदा घट्ट फिरवून पाहिलं, आणि पुढच्या दिवशी पहाटे, हवा जरा निवळल्यावर, तो निघाला. तो लहान लहान होत गेला आणि मग दिसेनासा झाला. मी त्याला त्यानंतर पाहिलं नाही.

यूसुफनं पाणी जपून वाटलं. झाकणाच्या खोलगट भागात ओतून प्रत्येकाला तेवढंच, तासातासानं. मी हलका होत गेलो. दिनकर भ्रमात जाऊन घरच्या म्हशीला हाका मारू लागला. दुपारी पुन्हा वादळ आलं आणि सगळं तांबूस झालं. तिसऱ्या प्रहरी त्या धुळीतून आवाज ऐकू आले. कोणीतरी अनोळखी माणसं, अनोळखी उच्चारात, ओरडत होती, "यूसुफ! दिनकर! अफताब!" पुढं उरलेली चार नावंही आली. यूसुफला वाटलं, आपण मेलो आणि वर आपली हजेरी चालू आहे. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं मला उचललं आणि माझ्यावर दगडानं ठणाठणा वाजवायला सुरुवात केली. माझा दुसरा पोचा तेव्हाचा. आवाजाच्या रोखानं उंट आले, माणसं आली, पखाली आल्या. सातही जण वाचले. उंटांवर चढवताच सगळ्यांची शुद्ध हरपली; तशाच अवस्थेत त्यांना शहरात नेलं आणि तिथून बोटीनं बसऱ्याच्या इस्पितळात. शुद्धीवर आल्यावर यूसुफला कळलं की हसाजी जहराला पोहोचला, सगळं सांगू शकला, आणि उन्हाच्या तडाख्यानं त्याच दिवशी गेला. दोन दिवसांनी लष्करानं त्याला बसऱ्याला आणून पुरलं. ज्या गावात जन्मला त्याच गावात.

युद्ध संपल्यावर यूसुफ रेवदंड्याला परतला. घरी न जाता आधी तो अबाजींच्या दारात गेला. एका हातात मी, दुसऱ्या हातात खजुराचा डबा. मसूदाबाईंना तार कधीच मिळाली होती. त्यांनी रडून घेतलं होतं. त्यांनी यूसुफला जेवायला वाढलं आणि समोर बसून सगळं विचारलं. ट्रक कसा मोडला, पाणी किती होतं, नावं कोणी पुकारली. यूसुफनं सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "जाताना त्याच्याजवळ कोण होतं?"

"मला माहीत नाही, चाची."

"एकटा होता?"

"खरंच माहीत नाही."

मसूदाबाईंनी डबा उघडला, एक खजूर खाल्ला, एक यूसुफला दिला. डब्यात सहा कमी आहेत हे यूसुफनं तेव्हा कबूल केलं, आणि त्या घरात चार वर्षांत पहिल्यांदा मसूदाबाई हसल्या.

काही वर्षांनी अबाजींचं कुटुंब इस्राएलला जायला निघालं, मसूदाबाईही त्यांच्याबरोबर. निघताना त्यांनी मला यूसुफच्या घरी आणून ठेवलं. "तिथं मला भांडी मिळतील," त्या म्हणाल्या. "जे यातून पाणी प्यायले त्यांच्याकडे हा राहू दे."

असा मी यूसुफचा झालो. त्याचा मुलगा रियाज मोठा झाला आणि नोकरीसाठी नेमका कुवेतला आला. लग्नानंतर त्याची बायको फखरुन्निसा आली तेव्हा तिच्या सामानात आमसुलं, सुके बोंबील आणि मी होतो. सासऱ्यांनी तिला माझी सगळी गोष्ट सांगून पाठवलं होतं. मी जहरापासून तासाभराच्या अंतरावर येऊन राहिलो, पण तिकडे जाण्याचं काही कारण पडलं नाही. एकोणीसशे नव्वद साली इथं युद्ध आलं तेव्हा रियाज बायको आणि आठ वर्षांच्या साकिबला घेऊन बसनं जॉर्डनकडे निघाला. वाटेत बसऱ्यावरून गेलो. तीन दिवस त्या तिघांचं पाणी माझ्यातच होतं. ती माझ्या नोकरीतली शेवटची मोठी कामगिरी.

त्यानंतर चांगले दिवस आले, आणि चांगल्या दिवसांत माझं काही काम नव्हतं. घरात पाण्याची मोठी प्लास्टिकची बाटली आली, ती उलटी ठेवायचं यंत्र आलं. मी आधी पेनं ठेवायला, मग छत्री अडकवायला, शेवटी बाल्कनीत मनी प्लांट लावायला गेलो. रियाज वारला. साकिबचं लग्न झालं, निदा घरात आली, त्यांना सना झाली. मी काळा पडलो. एका कबुतराशी माझी बरीच ओळख झाली. एकदा सना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "इट्स सो रस्टी." मला वाईट वाटलं. पितळ गंजत नाही, काळवंडतं.

गेल्या वर्षी इमारत रंगवायची ठरली आणि मालकानं सगळ्यांना बाल्कन्या रिकाम्या करायला सांगितलं. साकिबनं मोडकी खुर्ची, जुने बूट आणि मी, असं सगळं एका खोक्यात भरून इमारतीच्या पहारेकऱ्याला, म्हणजे हारिसला, देऊन टाकलं. हारिसनं खुर्ची ठेवून घेतली आणि बाकीचं खालच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकलं. मी बुटांमध्ये पडून होतो. गाडी यायला अर्धा तास होता. इतक्या वर्षांत मला भीती वाटली ती तेव्हाच.

तेवढ्यात सपातांचा आवाज आला. सदुसष्ट वर्षांची फखरुन्निसा, गुडघे दुखत असताना, लिफ्टची वाट न पाहता जिना उतरून आली होती. हारिस धावला. तिनं त्याला बाजूला केलं, पेटीत कमरेपर्यंत वाकली आणि मला बाहेर काढलं.

दुपारी जेवायला सगळे बसले तेव्हा तिनं मला ताटांच्या मधोमध ठेवलं.

"अम्मी, हे घाण आहे," साकिब म्हणाला.

"यातनं तू पाणी प्यायला आहेस. आठ वर्षांचा होतास. बसमध्ये."

साकिबचा घास हातातच राहिला. "त्याला पितळेची चव होती," तो हळू म्हणाला. "तो हाच?"

मग तिनं पहिल्यापासून सांगितलं. ळ, शहाळी, घाण्याचा बैल, ट्रक, सात तोंडं. "तो मोठं भांडं घेऊन गेला असता तर तुझे दादा, म्हणजे यूसुफ, वाचले नसते," ती साकिबला म्हणाली. "मग रियाज नाही, तू नाही, ही पोरगी नाही. आणि तू ते हारिसला दिलंस."

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

"ते माझं चुकलं," फखरुन्निसा म्हणाली.

सना दहा वर्षांची. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिनं विचारलं, "दादी, बट हू वॉज विथ हिम? व्हेन ही डाइड?"

फखरुन्निसानं मान हलवली. "कोणालाच माहीत नाही, बाळ."

साकिब एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. कुवेतमध्ये एसीवाल्याला सगळी घरं उघडी असतात. त्या आठवड्यापासून त्यानं जहराकडची कामं स्वतः मागून घेतली. जिथं जुनं माणूस दिसेल तिथं तो काम आटोपून चहा घेताना विचारायचा, पूर्वी इथं एक हिंदी शिपाई उन्हातून चालत आला होता, अशी गोष्ट ऐकली आहे का? बहुतेक जण नाही म्हणायचे. तीन महिने गेले. मग एका घरी मिशाल नावाचे साठीचे गृहस्थ म्हणाले, "हसणारा? बसऱ्याची भाषा बोलणारा?" साकिबनं कप खाली ठेवला. "माझ्या आईला विचारा. ती अजून सांगते."

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी आम्ही सगळे जहराला निघालो. मी निदाच्या मांडीवर होतो. तिनं मला चिंचेनं घासलं होतं आणि नाव पुन्हा वाचता येत होतं. गाडीत साकिब म्हणाला, "अम्मी, तो यहुदी होता हे नको सांगूया. उगीच कशाला. हिंदी होता म्हटलं की झालं."

"मी तेच करत आले इतकी वर्षं," फखरुन्निसा म्हणाली. "म्हणूनच कोणाला पूर्ण सांगितलं नाही. त्यानं पाणी अर्धं नव्हतं दिलं."

मिशालची आई नव्वदीला टेकलेली. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, डोळे मात्र लख्ख. फखरुन्निसा तिच्याजवळ गालिच्यावर बसली. साकिब दुभाष्याचं काम करत होता. चहा झाला, खजूर झाला. मग फखरुन्निसानं मला पुढं ठेवलं आणि एका दमात सांगितलं, "हा त्याचा तांब्या. तो बसऱ्याचा यहुदी होता, आमच्या गावात वाढला."

म्हातारी म्हणाली, "माहीत आहे. त्यानं सांगितलं होतं."

ती बोलू लागली. ती तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या वडिलांची खजुराची बाग होती, बागेत विहीर. धुळीतून एक माणूस आला, सगळा पांढरा. बायका जिन्न म्हणून आत पळाल्या. त्याच्या अंगात सदरा नव्हता. वाट सापडावी म्हणून त्यानं सदरा फाडून त्याच्या चिंध्या झुडपांना बांधत आणल्या होत्या. वडिलांनी पाणी पुढं केलं तर तो म्हणाला, आधी नावं ऐका. त्यानं सात नावं सांगितली आणि वडिलांकडून, काकांकडून पाठ करून घेतली. चुकलं की पुन्हा म्हणायला लावलं. काका आणि बाकीचे उंट घेऊन निघाले तेव्हाच तो खाली बसला आणि पाणी प्यायला. वडील त्याच्याजवळ थांबले.

"त्याला फार ताप होता," ती म्हणाली. "वडिलांनी भिंतीच्या सावलीत झोपवलं. ओली कापडं घातली. मी झावळीनं वारा घालत होते. आमची बकरी त्याची टोपी खायला लागली. मी तिला हाकलायला गेले तर तो म्हणाला, खाऊ दे, सरकारी आहे. मी इतकी हसले की वडील रागावले."

सनाही हसली. म्हातारीनं तिच्याकडे पाहून मान डोलावली.

"संध्याकाळी वडिलांनी त्याला विचारलं, तू कोणत्या धर्माचा? तो म्हणाला, यहुदी. वडील म्हणाले, तुझी प्रार्थना मला येत नाही. तो म्हणाला, मला येते, तुम्ही फक्त हात धरा. वडिलांनी हात धरला. तो त्याच्या भाषेत म्हणत राहिला. मग आमचे लोक परत आले, एकानं ओरडून सांगितलं, सातही जण जिवंत आहेत. त्यानं ते ऐकलं. त्यानंतर थोड्याच वेळात गेला. सूर्य मावळत होता."

फखरुन्निसानं पदर डोळ्यांना लावला. "म्हणजे तो एकटा नव्हता," ती म्हणाली. साकिबनं ते अरबीत सांगितलं.

"एकटा?" म्हातारी म्हणाली. "आम्ही सगळे होतो."

मसूदाबाईंना हे कळायला हवं होतं.

म्हातारीनं मला दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतलं. बोटांनी माझे पोचे चाचपले, नावाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्यानं मला दोनदा विचारलं, तुझं नाव काय. मी सांगितलं नाही. परक्या माणसाला नाव सांगू नये असं आई म्हणायची. तो म्हणाला, बरं, उद्या सांग."

तिनं सावकाश माझं झाकण फिरवून काढलं. विहिरीत हाक मारायला वाकतात तशी माझ्या तोंडावर वाकली आणि म्हणाली, "मूदी. माझं नाव मूदी."

मित्रांनो, पुढच्या उन्हाळ्यात निदानं मला रेवदंड्याला नेऊन आतून नवी कल्हई लावून आणली. आता मी रोज जेवणाच्या मेजावर असतो, पाण्यानं भरलेला. सना माझ्यातूनच पिते आणि मैत्रिणी आल्या की त्यांनाही पाजते. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं एखादं जुनं भांडं टाकून द्यायचं ठरलं, तर त्याआधी ते उचलून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढे ठेवा आणि विचारा, यातून कोण कोण पाणी प्यायलं? उत्तर लांबलचक असेल. जवळ बसून ऐका.